हॅरी विल्स खरोखरच पहिल्या क्रमांकाचा दावेदार होता का?

हेवीवेट मुष्टियुद्धाची मोठी लढत जाहीर झाली की एक वाद हमखास पेटतो. जगज्जेत्यासमोर उभा राहणारा बॉक्सर त्या जागेच्या लायकीचा आहे, की त्याचा नंबर कोणीतरी वर सरकवला आहे? आज चार संघटना आणि चार पट्टे असल्यामुळे हा गोंधळ आणखी वाढतो. ज्या वाचकाने फक्त मोहम्मद अली आणि माइक टायसन यांची नावे ऐकली आहेत, त्याला तर ‘क्रमवारी’ म्हणजे नेमके काय आणि ती ठरवतो कोण, हेच कळेनासे होते. हा गुंता सोडवायला शंभर वर्षांपूर्वीचे एक प्रकरण फार उपयोगी पडते. १९२० ते १९२६ या काळात हॅरी विल्स नावाचा कृष्णवर्णीय अमेरिकन बॉक्सर जगज्जेत्या जॅक डेम्प्सीशी लढण्यासाठी थांबून होता. न्यूयॉर्कच्या सरकारी मंडळाने त्याचे आव्हान ग्राह्य धरले होते, एकाहून अधिक करार झाले होते, एकदा तर तिकिटेही छापली गेली होती, आणि तरीही ती लढत कधी झाली नाही.

विल्सविषयी आजही दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की, त्या दशकातल्या सर्वांत लायक दावेदाराला केवळ कातडीच्या रंगामुळे डावलले गेले. दुसरे मत असे की, विल्स हा धिमा आणि सामान्य बॉक्सर होता आणि लढत नाकारली गेल्यामुळेच त्याचे नाव मोठे झाले. मला पहिले मत खरे वाटते, पण त्याला तारखेची एक अट घालावी लागते, आणि ती अट समजली की सगळा वादच वेगळा दिसू लागतो.

क्रमवारी लावतो कोण?

‘दावेदार’ म्हणजे ज्याची कामगिरी पाहता जगज्जेत्याने त्याच्याशी लढणे रास्त ठरते, असा बॉक्सर. अशा बॉक्सरांची उतरत्या क्रमाने केलेली यादी म्हणजे क्रमवारी. क्रिकेटमध्ये आयसीसीची क्रमवारी गणिती सूत्रावर चालते, म्हणजे सामना संपला की आकडे भरायचे आणि गुण बाहेर येतात. मुष्टियुद्धातली क्रमवारी मात्र मुळात जाणकारांचे मत असते. आपल्याकडे जत्रेच्या मैदानात कोणत्या मल्लाची जोड कोणाशी लावायची हे पंचमंडळी ठरवतात, तसेच हे आहे. त्यामागे सूत्र नसते, पण मनमानी चालत नाही, कारण कोणी कोणाला कधी चीतपट केले हे अख्ख्या मैदानाला ठाऊक असते.

विल्सच्या काळात तर सर्वमान्य यादीच नव्हती. न्यूयॉर्क राज्याने १९२० मध्ये वॉकर कायदा करून मुष्टियुद्धाला कायदेशीर मान्यता दिली आणि त्यावर देखरेख ठेवायला मंडळ नेमले. १९२१ मध्ये इतर राज्यांच्या मंडळांची ‘नॅशनल बॉक्सिंग असोसिएशन’ स्थापन झाली. ‘द रिंग’ हे मासिक नॅट फ्लायशर याने १९२२ मध्ये सुरू केले आणि त्यातली पहिली वार्षिक क्रमवारी १९२५ च्या आरंभी छापून आली. ती तयार केली होती टेक्स रिकर्ड या प्रमोटरने, म्हणजे लढती भरवून त्यावर पैसा कमावणाऱ्या माणसाने. बाजारात माल विकणाऱ्यानेच मालाची प्रत ठरवावी, असा तो प्रकार होता. म्हणूनच त्या काळातल्या कोणत्याही दावेदाराबद्दल बोलताना ‘यादीत तो कितवा होता’ एवढे विचारून भागत नाही, त्याची कामगिरी आपणच तपासून पाहावी लागते.

तपासायची कशी? मी तीन प्रश्न महत्त्वाचे मानतो. त्याने कोणाला हरवले, आणि तेव्हा तो प्रतिस्पर्धी कोणत्या अवस्थेत होता? तो कोणाकडून हरला, आणि कसा? आणि त्याच्या जागेवर हक्क सांगू शकणारे दुसरे कोण होते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एका ठरावीक तारखेला धरून द्यायची असतात. रक्ताचा रिपोर्ट ज्या दिवशीचा असतो त्या दिवसापुरताच खरा असतो. चार वर्षांनी साखर वाढली म्हणून जुना रिपोर्ट खोटा होता असे कोणी म्हणत नाही. विल्सच्या बाबतीत नेमकी हीच चूक वारंवार केली जाते.

गोदीतला मजूर आणि ‘कलर लाइन’

विल्सचा जन्म १८८९ चा, न्यू ऑर्लिन्सचा. बंदरात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करून त्याची ताकद घडली आणि १९११ च्या सुमारास तो व्यावसायिक मुष्टियुद्धात उतरला. उंची सहा फुटांहून दोन-तीन इंच अधिक, वजन शंभर किलोच्या आसपास. त्या काळी हा देह फार मोठा समजला जाई. डेम्प्सीचेच वजन ८५ किलोच्या आसपास भरत असे.

त्याच्यापुढची अडचण होती ‘कलर लाइन’ची, म्हणजे गोऱ्या बॉक्सराने कृष्णवर्णीयाशी लढायला उघडपणे नकार देण्याच्या प्रथेची. हा नकार त्या काळी प्रतिष्ठेचा समजला जाई. जॉन एल. सुलिव्हन आणि जेम्स जेफ्रीज हे दोघेही जगज्जेते असताना याच रेषेआड राहिले. ती प्रथा एकदाच मोडली. १९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सनने टॉमी बर्न्सला हरवले आणि तो पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट जगज्जेता झाला. १९१० मध्ये त्याने निवृत्तीतून परत आणलेल्या जेफ्रीजलाही रीनो येथे लोळवले, तेव्हा अमेरिकेतल्या अनेक शहरांत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले आणि माणसे मारली गेली. १९१२ मध्ये तर मुष्टियुद्धाच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर बंदी घालणारा कायदाच अमेरिकी संसदेने केला. १९१५ मध्ये हवाना येथे जेस विलार्डने जॉन्सनला हरवले आणि दार पुन्हा बंद झाले. १९१९ च्या ४ जुलैला डेम्प्सीने विलार्डचा किताब हिसकावला, आणि लगेचच त्याने कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी लढणार नसल्याचे सांगितल्याच्या बातम्या आल्या.

बड्या गोऱ्या बॉक्सरांची दारे बंद असल्यामुळे कृष्णवर्णीय हेवीवेट आपापसांतच पुन्हा पुन्हा लढत राहिले. हॅरी विल्स आणि सॅम लँगफर्ड हे एकमेकांशी किमान सतरा वेळा लढले. सॅम मॅकव्हे आणि जो जीनेट हेही याच वर्तुळातले. आठ-दहा माणसांच्या त्या छोट्या वर्तुळाला स्वतःचे ‘कृष्णवर्णीय जगज्जेतेपद’ होते आणि ते विल्सने एकाहून अधिक वेळा जिंकले.

१९२० ते १९२४ चा हिशेब

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २६ जुलै १९२० रोजी न्यूअर्क येथे विल्सने फ्रेड फुल्टनला तिसऱ्या फेरीत नॉकआउट केले. हे महत्त्वाचे, कारण फुल्टन हा गोऱ्या दावेदारांतला अग्रणी मानला गेला होता आणि १९१८ मध्ये डेम्प्सीने त्याला पहिल्याच फेरीत, काही सेकंदांत आडवे केले होते, ज्या विजयाने डेम्प्सीचा विलार्डकडे जाण्याचा रस्ता मोकळा झाला. डेम्प्सीइतक्या झटपट नव्हे, पण त्याच माणसावर तितकाच निर्णायक विजय विल्सने मिळवला होता. १९२१ मध्ये त्याने गनबोट स्मिथला पहिल्या फेरीत झोपवले. २ मार्च १९२२ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने किड नॉरफोकला दुसऱ्या फेरीत नॉकआउट केले. नॉरफोक वजनाने कमी असला तरी त्या काळच्या उत्तम बॉक्सरांपैकी एक होता.

मग आली ११ सप्टेंबर १९२४ ची जर्सी सिटीतली लढत, लुईस आंखेल फिर्पोविरुद्ध. अर्जेंटिनाच्या या धिप्पाड बॉक्सरने जवळजवळ एक वर्षापूर्वी डेम्प्सीला ठोसा मारून दोरखंडांतून थेट खाली बसलेल्या पत्रकारांच्या अंगावर फेकले होते. डेम्प्सी कसाबसा रिंगमध्ये परतला आणि दुसऱ्या फेरीत त्याने फिर्पोला संपवले, पण तो क्षण अमेरिकेने विसरला नव्हता. त्याच फिर्पोला विल्सने दुसऱ्याच फेरीत जमिनीवर बसवले आणि नंतरच्या दहा फेऱ्यांत त्याला जवळ येऊ दिले नाही. विल्सची पद्धत अशी की, प्रतिस्पर्धी अंगाशी आला की डाव्या हाताने त्याला जखडायचे आणि उजव्या हाताने बरगड्यांवर व डोक्यावर ठोसे मोजून द्यायचे. दिसायला ही पद्धत देखणी नव्हती आणि प्रेक्षक कंटाळत, पण तिच्यातून सुटणे समोरच्याला फार अवघड जाई.

त्या लढतीचा अधिकृत निकाल मात्र नोंदींत सापडत नाही. न्यू जर्सीत तेव्हा नॉकआउट झाला नाही तर पंचांनी विजेता जाहीर करायचा नाही, असा नियम होता. अशा वेळी दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांचे वार्ताहर आपला कौल छापत आणि लोक तोच निकाल मानत. निकाली न होता सोडवलेल्या कुस्तीतही वरचढ कोण होता हे मैदानातून घरी परतणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, तसेच हे. वृत्तपत्रांचा कौल विल्सच्या बाजूने होता.

‘त्याने तर म्हाताऱ्या लँगफर्डलाच हरवले’

पहिला आक्षेप हाच, आणि तो वजनदार आहे. लँगफर्ड जेमतेम साडेपाच फुटांचा, विल्सपेक्षा काही वर्षांनी मोठा, आणि त्यांची गाठ पडली तेव्हा शेकडो लढतींनी झिजलेला होता. तरीही १९१४ मध्ये कॅलिफोर्नियात चौदाव्या फेरीत आणि १९१६ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये एकोणिसाव्या फेरीत त्याने विल्सला नॉकआउट केले. पुढे लँगफर्डची दृष्टी अधू होत गेली आणि १९१८ मध्ये पनामात विल्सने त्याला लागोपाठ दोनदा थांबवले. हे विजय दृष्टी गेलेल्या माणसावरचे आहेत, ते कशाला मोजायचे, असे विचारले जाते.

हे विजय मी स्वतः फारसे मोजत नाही. पण आक्षेप घेणारे एक गोष्ट विसरतात. विल्सचा दावा लँगफर्डवरच्या विजयांवर उभा नाहीच, तो १९२० नंतरच्या फुल्टन, नॉरफोक आणि फिर्पो यांच्यावर उभा आहे. लँगफर्डविरुद्धच्या त्या लांबलचक मालिकेतून आपल्याला एवढेच कळते की, चोवीस-पंचवीस वर्षांचा कच्चा विल्स एका महान बॉक्सरकडून हरला आणि त्यातून शिकत गेला. ज्या वयात डेम्प्सीला किताबाची संधी मिळाली, त्या वयात विल्स लँगफर्डचे ठोसे खात होता.

टेट आणि मॅडनचे डाग

दुसरा आक्षेप दोन नावांवर उभा आहे. २ जानेवारी १९२२ रोजी पोर्टलँड येथे बिल टेटविरुद्ध विल्स पहिल्याच फेरीत नियमभंगासाठी बाद ठरला आणि चार दिवसांनी झालेली फेरलढत बरोबरीत सुटली. टेट हा डेम्प्सीचा सरावातला साथीदार. जगज्जेत्याच्या सरावाच्या माणसाला जो हरवू शकत नाही तो जगज्जेत्यासमोर काय टिकणार, असा सवाल तेव्हाही केला गेला. टेट साडेसहा फुटांचा होता आणि विल्सने त्याला इतर वेळी हरवलेही होते, पण तो जानेवारी महिना विल्सच्या खात्यात उणे म्हणूनच धरायला हवा. मी तो तसाच धरतो.

बार्टली मॅडनचे प्रकरण अधिक बोचरे आहे. जून १९२४ मध्ये विल्सने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले, पण थांबवू शकला नाही. सव्वा वर्षाने, सप्टेंबर १९२५ मध्ये, जीन टनी या दुसऱ्या दावेदाराने त्याच मॅडनला तिसऱ्या फेरीत नॉकआउट केले. पंचेचाळीस मिनिटे ज्याला पाडता आले नाही तो माणूस दुसऱ्याने काही मिनिटांत पाडला, हे पाहणाऱ्यांच्या मनात शंका येणारच. विल्स तेव्हा पस्तीस वर्षांचा झाला होता आणि त्याचा वेग ओसरू लागला होता. मॅडनच्या लढतीतून मला हेच दिसते की, १९२४ च्या उन्हाळ्यात विल्सच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येऊ लागली होती. त्याआधी तो सामान्य होता, असे त्यातून सिद्ध होत नाही.

ज्यांना संधी मिळाली, ते कोण होते?

दावेदाराची लायकी ठरवताना शेजारी उभ्या असलेल्यांकडेही पाहावे लागते. डेम्प्सीने १९२० ते १९२३ दरम्यान किताब पाच जणांविरुद्ध राखला. बिली मिस्के हा पहिला. तो मूत्रपिंडाच्या गंभीर आजाराने पोखरला गेला होता आणि डेम्प्सी त्याच्याशी आधीही लढला होता. बिल ब्रेनन दुसरा, त्यालाही डेम्प्सीने १९१८ मध्ये हरवलेले होते. तिसरा जॉर्ज कार्पांतिये हा फ्रेंच बॉक्सर, महायुद्धातला नायक आणि खालच्या वजनगटाचा म्हणजे लाइट हेवीवेटचा जगज्जेता. त्याचे वजन ७८ किलोच्या आसपास होते. २ जुलै १९२१ च्या त्या लढतीने इतिहासात प्रथमच दहा लाख डॉलरहून अधिक तिकीटविक्री केली आणि कार्पांतिये चौथ्या फेरीत संपला. चौथा टॉमी गिबन्स, कौशल्याचा पण तोही मूळ खालच्या वजनगटातून वर आलेला. पाचवा फिर्पो.

या पाच नावांशेजारी १९२२ च्या मध्यावरचा विल्स उभा करून पाहा. मिस्के आणि ब्रेनन यांच्यापेक्षा त्याची ताजी कामगिरी सरस, कार्पांतियेपेक्षा तो वीस किलोंनी मोठा आणि खऱ्या हेवीवेटांशी लढून आलेला. गिबन्सचा दावा काहीसा जवळपास येतो. फिर्पोचे पारडे १९२३ मध्ये जड होते हे मान्य, पण पुढच्याच वर्षी विल्सने तो प्रश्न रिंगमध्ये निकाली काढला. १९२२ ते १९२४ या तीन वर्षांत विल्सच्या पुढे ठेवावा असा एकही हेवीवेट मला सापडत नाही.

दंगलीची भीती, मतांचे राजकारण आणि क्रमांक

यावर काही जण म्हणतात की, लढत न होण्याला खरे कारण दंगलीची भीती होती. रीनोची १९१० ची लढत टेक्स रिकर्डनेच भरवली होती आणि पंच म्हणूनही तोच उभा राहिला होता. त्यानंतरचा रक्तपात त्याने पाहिला होता, त्यामुळे कृष्णवर्णीय आणि गोरा यांच्यातल्या किताबी लढतीला तो कचरत असे. ही भीती त्याच्या मनात असेलही, पण तिचा विल्सच्या क्रमांकाशी काहीही संबंध नाही. रेशनच्या रांगेत तुमचा नंबर पहिला असेल आणि दुकानदाराने भांडण होईल या भीतीने दुकानच उघडले नाही, तर तुमचा नंबर मागे जात नाही. क्रमांक ही योग्यतेची बाब आहे आणि लढत ही व्यवहाराची. विल्सच्या वादात हे दोन प्रश्न सतत एकमेकांत मिसळले जातात आणि ‘लढत झाली नाही, म्हणजे लायकी नव्हती’ असा उलटा निष्कर्ष काढला जातो.

राजकारणाचाही मुद्दा निघतो. न्यूयॉर्कच्या मंडळाचे अध्यक्ष जेम्स फार्ली, जे पुढे अध्यक्ष रूझवेल्ट यांचे पोस्टमास्टर जनरल झाले, यांनी विल्सचा आग्रह धरला तो हार्लेममधल्या कृष्णवर्णीय मतदारांवर डोळा ठेवून, असा आरोप तेव्हा झाला. तो खरा मानला तरी काय बदलते? शिफारस करणाऱ्याच्या मनात काहीही असो, उमेदवाराच्या गुणपत्रिकेवरचे आकडे तेच राहतात. मंडळाने १९२२ मध्ये विल्सचे आव्हान ग्राह्य धरले आणि १९२५ मध्ये ते न स्वीकारल्याबद्दल डेम्प्सीला न्यूयॉर्कपुरते अपात्र ठरवले. फार्ली यांचा आग्रह नसता तरीही फुल्टन आणि फिर्पो यांचे निकाल तेच राहिले असते.

छापलेली तिकिटे, मोडलेले करार

ही लढत केवळ बोलाचालीत अडकली असे नाही. जुलै १९२२ मध्ये दोन्ही मॅनेजरांनी कागदावर सह्या केल्या. १९२४ साठी रिकर्डने ६ सप्टेंबर ही तारीख जाहीर करून तिकिटे छापली, पण लढत झाली नाही. सप्टेंबर १९२५ मध्ये मिशिगनमधल्या नाइल्स गावी नव्या प्रमोटरबरोबर पुन्हा करार झाला, तो डेम्प्सीची आगाऊ रक्कम उभी न राहिल्याने कोसळला.

सर्वांत बोलका आहे मार्च १९२६ चा शिकागोचा करार, कारण त्याचा शेवट न्यायालयात झाला. शिकागो कॉलिसियम क्लबने डेम्प्सीला विल्सशी लढण्यासाठी आठ लाख डॉलर कबूल केले. सही करताना दहा डॉलर, ५ ऑगस्टला तीन लाख आणि लढतीच्या दहा दिवस आधी पाच लाख. करारात अट होती की डेम्प्सीने आयुर्विम्यासाठी वैद्यकीय तपासणी करून घ्यायची. जुलैमध्ये क्लबने त्या तपासणीची आठवण केली, तेव्हा कोलोरॅडो स्प्रिंग्जहून डेम्प्सीची तार आली. टनीशी होणाऱ्या लढतीच्या सरावात मी गुंतलो आहे, विमावाल्यांसाठी वेळ घालवणार नाही, तुमच्याजवळ करारच नाही, तेव्हा स्वतःला आणि मलाही फसवणे थांबवा, असा तिचा आशय होता. ती तार मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत दुखरा कागद वाटतो. विल्सचे नाव त्या तारेत नाही, आणि ज्याची चार वर्षांची वाट त्या दोन ओळींत संपली तो मात्र तोच होता.

क्लबने खटला भरला. लढत झाली असती तर तीस लाख डॉलर जमले असते आणि सोळा लाख नफा उरला असता, असा पुरावा त्याने मांडला. १९३२ मध्ये इलिनॉयच्या अपील न्यायालयाने सांगितले की, मुष्टियुद्धाच्या लढतीचा नफा हा इतक्या अनिश्चित गोष्टींवर अवलंबून असतो की तो भरपाई म्हणून मागता येणार नाही, मात्र करार झाल्यापासून तो मोडेपर्यंत झालेला योग्य तो खर्च मागता येईल. अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी करारभंगाची भरपाई शिकताना आजही हा निकाल वाचतात. आपल्या प्रश्नापुरता त्यातला बोध वेगळा आहे. पदरचा पैसा घालणाऱ्या व्यापाऱ्यांनी १९२६ मध्येही विल्सचे नाव डेम्प्सीसमोर लिहिले होते.

‘पण शार्कीने त्याला उघडे पाडले’

शेवटचा आक्षेप सर्वांत लोकप्रिय आहे. १२ ऑक्टोबर १९२६ रोजी ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर तरुण जॅक शार्कीने विल्सला फेरीमागून फेरी मागे टाकले आणि तेराव्या फेरीत हाताच्या मागच्या बाजूने मारल्याबद्दल विल्स बाद ठरला. १३ जुलै १९२७ रोजी त्याच मैदानावर स्पेनच्या पाऊलिनो उझ्कुदुनने त्याला चौथ्या फेरीत नॉकआउट केले. ज्याला हे दोघे असे हरवतात तो डेम्प्सीसाठी काय दावेदार, असे म्हणून अनेकजण फाइल बंद करतात.

शार्कीसमोरचा विल्स सदतीस वर्षांचा होता. तारखेची अट इथे लागू होते. १९२६ च्या ऑक्टोबरमधला पराभव १९२२ च्या क्रमांकाबद्दल काहीही सांगू शकत नाही, जसा सत्तरीतला संधिवात विशीतल्या धावपटूच्या वेळेबद्दल काही सांगत नाही. उलट, शार्कीविरुद्धची लढत दाखवते की चार वर्षे थांबवून ठेवल्याने काय होते. लढत न देता प्रतिस्पर्ध्याचे वय वाढू देणे, आणि मग त्याच्या उतरणीला पुरावा म्हणून दाखवणे, हा अन्याय मला मूळ नकाराइतकाच मोठा वाटतो.

मग टनीचे काय?

तारखेची अट विल्सच्या विरुद्धही जाते, आणि ती तिथेही पाळायला हवी. जून १९२५ मध्ये टनीने गिबन्सला बाराव्या फेरीत नॉकआउट केले. पंधरा फेऱ्या लढूनही डेम्प्सीला जे जमले नव्हते, ते त्याने करून दाखवले. मग मॅडन तीन फेऱ्यांत. त्याच वर्षी विल्सने चार्ली वाइनर्टला दोन फेऱ्यांत संपवले, तो विजय चांगलाच, पण गिबन्सच्या तोडीचा नव्हे. विल्स आणि टनी कधीच एकमेकांशी लढले नाहीत. १९२५ च्या अखेरीस मी दोघांना जवळजवळ बरोबरीत ठेवीन, आणि १९२६ च्या उन्हाळ्यात टनीला पुढे. फार्ली यांनी त्या वर्षीही विल्सचा आग्रह सोडला नाही आणि न्यूयॉर्कच्या परवाना समितीने डेम्प्सीला परवाना नाकारला, तेव्हा विल्सवरचा जुना अन्याय दूर करण्याचा तो प्रयत्न होता असे म्हणता येईल. पण क्रमांक म्हणून पाहिले तर तो दोन वर्षे उशिराचा होता.

डेम्प्सी आणि टनी यांची लढत न्यूयॉर्कमधून फिलाडेल्फियाला हलली. २३ सप्टेंबर १९२६ रोजी एक लाख वीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर, पावसात, टनीने दहा फेऱ्यांत डेम्प्सीचा किताब घेतला. एकोणीस दिवसांनी विल्स एबेट्स फील्डवर शार्कीसमोर उभा राहिला. १९१५ नंतर एका कृष्णवर्णीय बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी लढायला मिळाले ते २२ जून १९३७ रोजी, शिकागोत, आणि जो लुई ती लढत जिंकला. तोवर विल्सने ग्लोव्हज उतरवून ठेवले होते आणि हार्लेममध्ये घरांच्या मालमत्तेचा व्यवसाय थाटला होता.